जंक्शनचा धर्म : परराष्ट्रमंत्र्यांना एक खुलं पत्र

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



मी मिरजेची. वडील, म्हणजे आमचे अण्णा, रेल्वेत होते, त्यामुळे आमचं लहानपण स्टेशनच्या आवारातच गेलं. 1971 मध्ये पुण्याहून येणारा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मिरजेत तीन रुंदीचे रूळ शेजारी शेजारी नांदत होते. पुणे आणि कोल्हापूरकडे ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडे मीटरगेज आणि पंढरपूरवरून कुर्डुवाडीला जाणारी नॅरोगेज. एका गाडीतून उतरायचं आणि दुसरीत बसायचं, हेच मिरज स्टेशनचं रोजचं काम. अण्णा म्हणत, "मिरजेत उतरलेला प्रत्येक माणूस मिरजेला आलेला नसतो. निम्मे पुढं निघालेले असतात. त्यांना पुढं पाठवणं हे जंक्शनचं काम." पुण्याची गाडी उशिरा आली आणि तिच्यात पंढरीला जाणारी म्हातारीकोतारी माणसं आहेत असं कळलं, की अण्णा छोट्या गाडीच्या गार्डला गाठून दहा मिनिटं मागून घेत. ती दहा मिनिटं कुठल्या नियमात बसत होती, ते मला ठाऊक नाही. माणसं मात्र पंढरपूरला पोचत.

पुढं मी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर काठी ठेवून मुलांना सांगत असे, की जग आता जवळ आलं आहे. आज आपल्याला हे पत्र लिहिते आहे, कारण विमान बदलण्यापुरतं एखाद्या देशात थांबायचं म्हटलं, तर आपला पासपोर्ट हातात असलेल्या माणसाला जग किती लांब पडतं, ते मी आणि माझ्या यजमानांनी एका रात्रीत शिकलो.

आमची मुलगी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करते. 2023 च्या ऑक्टोबरात तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, परका मुलुख, भाषा स्पॅनिश. मी सदुसष्ट वर्षांची, हे बहात्तरचे, यांना एका कानानं कमी ऐकू येतं. मेक्सिकोचा व्हिसा आम्ही रीतसर मिळवला होता. तिकीट एका संकेतस्थळावरून काढलं होतं. मुंबई ते मेक्सिको सिटी, वाटेत युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर चार तासांचा थांबा. दोन्ही विमानांचं एकच तिकीट होतं आणि सामान थेट शेवटच्या मुक्कामाला जाणार होतं. पैसे भरताना आम्हाला जेवण शाकाहारी हवं का ते विचारलं, खिडकीची जागा हवी का ते विचारलं, विमा घ्यायचा का तेही तीनदा विचारलं. ट्रान्झिट व्हिसाचा शब्द कुठं आला नाही.

मिरजेहून सकाळी निघून आम्ही रात्री अकराच्या सुमारास मुंबईत सहार विमानतळाच्या टर्मिनल दोनवर पोचलो. काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट घेतले, संगणकात बघितलं, पुन्हा बघितलं. "काकू, ट्रान्झिट व्हिसा?" मी म्हटलं, "आम्ही तिथं उतरणार नाही बाळ, फक्त विमान बदलायचं आहे." ती म्हणाली, "तरी लागतो, काकू." तिनं वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी फोन केले. ती मुलगी उद्धट नव्हती. आमच्या मुलीपेक्षाही लहान असेल. तिचे डोळे भरून आले होते, पण तिच्या हातात काही नव्हतं. रात्री दीड वाजता आमच्या बॅगा पट्ट्यावरून परत आल्या. यांना नीट ऐकू न आल्यानं हे तीनतीनदा विचारत होते, "काय झालं? व्हिसा तर आहे ना आपल्याकडे?" मागं उभ्या असलेल्या लोकांसमोर मी यांच्या कानाशी ओरडून सांगत होते, की आपल्याला जाता येणार नाही.

तिकिटाच्या पैशांतला थोडाच भाग परत मिळाला. नऊ दिवसांनी आम्ही इस्तंबूलमार्गे गेलो. तिथं विमानतळाच्या आत राहून विमान बदलायला आम्हाला व्हिसा लागला नाही. पण नातू आमच्या पोचण्याच्या चार दिवस आधी झाला होता. बाळंतिणीच्या उशाशी आई नव्हती. त्या चार दिवसांची भरपाई कुणी मला देऊ शकणार नाही, आणि मी ती मागतही नाही.

मी मागते आहे ते वेगळं आहे. परत आल्यावर मी या विषयाचा माझ्या परीनं अभ्यास केला. शिक्षकाची सवय. जे कळलं, ते आपल्यापुढं मांडते. आपल्या खात्याला ते ठाऊक असणारच, पण हे पत्र वाचणाऱ्या घराघरातल्या माणसांना ते ठाऊक नाही.

आपसातली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपातल्या शेंगेन देशांचा 2009 चा एक सामाईक व्हिसा कायदा आहे. त्यात बारा देशांची यादी आहे. त्या देशांच्या नागरिकांना शेंगेनच्या कुठल्याही विमानतळावर नुसतं विमान बदलायचं असलं, तरी विमानतळ ट्रान्झिट व्हिसा लागतो. अफगाणिस्तान, इराक, सोमालिया, श्रीलंका, पाकिस्तान, बांगलादेश असे देश त्यात आहेत. भारत त्या यादीत नाही. हे वाचून मला आधी हायसं वाटलं. मग पुढची ओळ वाचली. सामाईक यादीखेरीज प्रत्येक सदस्य देशाला स्वतःची जादा नावं घालता येतात. त्यामुळे एकाच युरोपात, एकाच कायद्याखाली, एका विमानतळावर भारतीय माणूस निवांत बसू शकतो आणि दोन तासांच्या अंतरावरच्या दुसऱ्या विमानतळावर त्याला व्हिसा लागतो. त्या व्हिसाचं शुल्क जून 2024 पासून नव्वद युरो आहे, म्हणजे आठ-पंधरा दिवस युरोप हिंडायला येणाऱ्या पर्यटकाला जितकं, तितकंच. काचेच्या भिंतीआड चार तास खुर्चीवर बसण्यासाठी.

या नियमाला सूटही आहे. अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल, तर शेंगेनचा हा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. ब्रिटनचा नियम वेगळा. तिथं अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या व्हिसावर सूट मिळते, जपानच्या व्हिसावर नाही. आमच्यासारख्या मेक्सिकोच्या व्हिसावाल्यांना दोन्हीकडे सूट नाही. ब्राझील, पेरू किंवा कॅरिबियन बेटांवर शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांचंही तेच. म्हणजे ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्या घरांत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही. ज्यांची मुलं कमी वर्दळीच्या वाटेनं गेली, त्यांच्याच पायाखाली हा खड्डा येतो.

अमेरिकेच्या वाटेवर तर ट्रान्झिट ही गोष्टच जवळजवळ उरलेली नाही. 2 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेनं व्हिसाविना ट्रान्झिटची योजना सुरक्षेचं कारण देऊन बंद केली. तेव्हापासून तिथं नुसतं विमान बदलायचं असलं, तरी आपल्या माणसाला व्हिसा हवा, इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहायला हवं, आणि बहुतेक ठिकाणी सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यायला हवं. मेक्सिकोला जाण्याचा सगळ्यात सोपा दिसणारा रस्ता अमेरिकेवरून जातो, आणि तो आमच्यासाठी बंद होता तो यामुळेच. कॅनडा ट्रान्झिट व्हिसाला शुल्क घेत नाही, ही चांगली गोष्ट. पण अर्ज करावाच लागतो.

याहून बारीक अडचणी आहेत, आणि त्यांत अगदी जाणता माणूसही सापडतो. समजा तिकीट मुंबई ते फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट ते लिस्बन आणि लिस्बन ते साओ पाउलो असं आहे. प्रवाशाला वाटतं, दोन ठिकाणी विमान बदलायचं, बस. पण फ्रँकफर्ट ते लिस्बन हा शेंगेनच्या आतला प्रवास धरला जातो. फ्रँकफर्टला इमिग्रेशन पार करावं लागतं, आणि त्यासाठी पूर्ण शेंगेन व्हिसा हवा. विमानतळ ट्रान्झिट व्हिसा तिथं चालत नाही. दुसरं, स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, की पहिल्या विमानातलं सामान बहुधा थेट पुढं जात नाही. ते घ्यायला बाहेर यावं लागतं, आणि बाहेर यायचं म्हणजे त्या देशात प्रवेश करायचा. तिसरं, एका शहरात दोन विमानतळ असले, जसे लंडनचे हीथ्रो आणि गॅटविक, तर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना आपण त्या देशाच्या रस्त्यावर असतो. तिथं आत बसून राहण्याचा ट्रान्झिट व्हिसा कामाचा नाही, वेगळा हवा. चौथी अडचण आपल्या आयटीतल्या मुलांची. अमेरिकेत त्यांचा मुक्काम कायदेशीर असतो, मुदतवाढीचे कागद हातात असतात, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का मधल्या काळात संपलेला असतो. आईवडिलांचं आजारपण निघालं, तातडीनं भारतात यायचं ठरलं, मिळेल ते तिकीट काढलं, की काउंटरवर प्रश्न येतो : वैध व्हिसा कुठं आहे?

हे सगळं तिकीट काढणाऱ्या सामान्य माणसाला कळावं कसं?

साहेब, या नियमांमागची भीती मी समजू शकते. विमान बदलण्याच्या निमित्तानं उतरायचं, पासपोर्ट फाडून टाकायचा आणि आश्रय मागायचा, असं काही जण करतात, म्हणून हे व्हिसे आले. युरोपीय संघानं 1996 मध्ये पहिली सामाईक यादी केली, तेव्हा तिच्यात दहा देश होते. कुणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाचा आहे, आणि आपणही तो बजावतो. पण इथं एक गोष्ट नजरेआड होते. हा व्हिसा आत येणाऱ्यासाठी नाही. पुढं निघालेल्यासाठी आहे. त्याच्या हातात पुढच्या देशाचा व्हिसा आहे, पुढचं तिकीट आहे, आणि पुढं कुणीतरी त्याची वाट पाहत आहे.

जगानं हे ओळखलं होतं. 1944 मध्ये शिकागोत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला, त्यावर सही करणाऱ्यांत भारत होता. त्या कराराचं नववं परिशिष्ट प्रवाशांच्या सोयीविषयी आहे. त्याच विमानतळावरून त्याच दिवशी तिसऱ्या देशाकडे पुढं जाणाऱ्या प्रवाशांना ट्रान्झिट व्हिसा ज्या देशांसाठी लागतो, त्या देशांची संख्या कमीत कमी ठेवावी, असं त्यात सदस्य देशांना सांगितलं आहे. आपल्याला कुणाकडे मेहरबानी मागायची नाही. जे मान्य केलं आहे, त्याची आठवण करून द्यायची आहे.

शिवाय हे जमतं, याचे दाखले रोज दिसतात. दुबई, दोहा, सिंगापूर, आदिस अबाबा या विमानतळांवरून रोज हजारो भारतीय विमान बदलून जगाच्या कानाकोपऱ्यात जातात. विमानतळाच्या आत राहायचं असेल, तर तिथं त्यांना ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. सिंगापूर तर त्यापुढं गेलं आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांचा व्हिसा असलेल्या भारतीयाला तिथं काही अटींवर 96 तास शहरातही राहता येतं. ज्या देशांनी जंक्शन होण्यातच आपला व्यवसाय पाहिला, त्यांनी पुढं निघालेल्या माणसाचा संशय घेतला नाही.

ट्रान्झिट व्हिसा हा आपल्या माणसांचा प्रवास सुरळीत चालला असताना आड येतो, आणि काही बिघडलं तर दुप्पट आड येतो. 1 डिसेंबर 2024 चा प्रसंग आपल्याला आठवत असेल. बहरीनहून मँचेस्टरला निघालेलं विमान बिघाडामुळे कुवेतला उतरवावं लागलं. त्यात साठेक भारतीय होते. युरोप-अमेरिकेच्या पासपोर्टवाल्यांना तिथं पोचल्यावर व्हिसा मिळत होता, म्हणून ते हॉटेलात जाऊ शकले. आपली माणसं, लहान मुलांसह, विमानतळावरच अडकली. तेव्हा कुवेतमधल्या आपल्या दूतावासाचे अधिकारी विमानतळावर धावून गेले, बोलणी केली, लाउंजची सोय केली. त्याबद्दल मी आपल्या खात्याचे मनापासून आभार मानते. ते अधिकारी अण्णांसारखे वागले. पण प्रत्येक वेळी दूतावासानं धावत जावं लागू नये, अशी व्यवस्था आपण करू शकतो.

आणखी एका वर्गाचं दुःख सांगते, कारण तो आपल्या किनाऱ्यावरचा आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि गोव्यातून कितीतरी मुलं जहाजावर जातात. जहाज पकडायला त्यांना विमानानं कुठल्या तरी परक्या बंदरात जावं लागतं, आणि करार संपला की तिथूनच घरी यावं लागतं. जहाज दोन दिवस आधी किंवा नंतर दुसऱ्याच बंदराला लागलं, की तिकीट बदलतं, वाट बदलते, आणि वाट बदलली की ट्रान्झिटचा प्रश्न नव्यानं उभा राहतो. शेंगेनच्या त्या कायद्यात विमानाच्या कर्मचाऱ्यांना ट्रान्झिट व्हिसातून सूट आहे. जहाजाच्या कर्मचाऱ्यांचं नाव त्या सुटीत नाही. खलाशांच्या ओळखपत्राविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 185 क्रमांकाचा करार भारतानं 2015 मध्ये स्वीकारला, चेहऱ्याच्या बायोमेट्रिक नोंदीसह ओळखपत्रं द्यायला सुरुवात केली. एवढी खात्रीची ओळख हातात असताना त्या पोरांना चार तासांच्या थांब्यासाठी संशयित का धरावं, हा प्रश्न आपण त्या देशांना विचारू शकता.

आता मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट. हा निर्णय प्रत्यक्षात कोण घेतं? त्या देशाचा अधिकारी घेत नाही. तो घेते मुंबईच्या काउंटरवरची पंचविशीतली मुलगी. कारण कागद अपुरे असलेला प्रवासी आणला, तर विमानकंपनीला दंड होतो. युरोपीय संघाच्या 2001 च्या निर्देशानं सदस्य देशांना असा दंड ठेवायला सांगितलं, आणि तो माणशी हजारो युरोंचा असतो. ब्रिटनमध्ये माणशी दोन हजार पौंड. म्हणून कंपन्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या टिमॅटिक नावाच्या माहितीकोशात बघतात आणि तिथं जे दिसेल त्याप्रमाणे वागतात. शंका असली, तर नाही म्हणणं त्यांना परवडतं. प्रवाशाला नेऊन दंड भरणं परवडत नाही. आणि कागदपत्रांच्या कारणावरून नाकारलं, म्हणून नेहमीची नुकसानभरपाईही मिळत नाही. युरोपच्या भरपाईच्या नियमांतही ही सवलत कंपन्यांना आहे.

या सगळ्यात मला एक साधी गोष्ट सुचली. तो माहितीकोश रात्री अकरा वाजता काउंटरवर उघडतो, तर महिनाभर आधी तिकीट विकताना का उघडत नाही? प्रवाशाचं नागरिकत्व तिकीट विकताना विचारता येतं. वाट कुठून जाते, ते विकणाऱ्याला माहीत असतं. नियम त्याला उपलब्ध असतो. तीन गोष्टी एकत्र केल्या, की पैसे घेण्याआधी एक ओळ दाखवता येते : या वाटेवर तुम्हाला ट्रान्झिट व्हिसा लागेल. ती एक ओळ आम्हाला दिसली असती, तर आम्ही वेगळं तिकीट काढलं असतं आणि माझ्या मुलीला कळा आल्या तेव्हा मी तिच्याजवळ असते.

म्हणून साहेब, माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली विनंती राजनैतिक आहे, आणि ती सफल होऊ शकते हे आपणच दाखवून दिलं आहे. जर्मनीनं अनेक वर्षं भारतीयांना ट्रान्झिट व्हिसाची अट घातली होती. जानेवारी 2026 मध्ये जर्मनीचे चान्सेलर फ्रीडरिश मेर्झ अहमदाबादला आले, तेव्हा भारतीय पासपोर्टधारकांना जर्मन विमानतळांवरून व्हिसाविना ट्रान्झिट देण्याची घोषणा झाली. ती बातमी वाचून मी घरात देवापुढं साखर ठेवली. दोन देशांच्या निवेदनात एक वाक्य आलं, आणि कुणाच्या तरी बाळंतपणाला आई वेळेवर पोचणार. अशीच वाक्यं बाकीच्या देशांशी बोलताना मिळवा. ब्रिटनशी व्यापाराचा करार होतो, कॅनडाशी संबंध पूर्ववत होतात, तेव्हा मोठमोठ्या विषयांच्या यादीत हे एक लहान कलम घालावं. कॅनडात इंडोनेशिया, थायलंड आणि फिलिपिन्सच्या नागरिकांना अमेरिकेचा व्हिसा असेल, तर ठरावीक अटींवर ट्रान्झिट व्हिसातून सूट मिळते. भारताचं नाव त्यांच्या शेजारी बसायला हरकत काय?

दुसरी विनंती आपण नागरी हवाई वाहतूक आणि ग्राहक व्यवहार खात्यांशी बोलून पूर्ण करू शकता. भारतात आंतरराष्ट्रीय तिकीट विकणाऱ्या प्रत्येकानं, मग ती विमानकंपनी असो, संकेतस्थळ असो की आमच्या गल्लीतला एजंट असो, पैसे घेण्यापूर्वी वाटेतल्या प्रत्येक थांब्याची व्हिसाची गरज सांगितलीच पाहिजे. सांगितली नाही आणि त्यामुळे प्रवास चुकला, तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत. जो विकतो त्याला माहिती असते. जो विकत घेतो त्याला नसते. ओझं माहिती असणाऱ्यावर असावं.

तिसरी विनंती, ज्याला नाकारलं त्याला कारण लेखी मिळावं. कुठल्या देशाच्या कुठल्या नियमानं, किती वाजता, कोणी. त्या रात्री आमच्या हातात एक चिटोरंही नव्हतं. ग्राहक म्हणून तक्रार करण्यासाठी नाही, तर निदान मुलीला फोनवर नीट सांगण्यासाठी तरी ते हवं होतं. आणि मुंबई, दिल्ली, बंगळूरसारख्या विमानतळांवर रात्रीच्या वेळी आपल्या खात्याचा एक माणूस असावा. परदेशगमनाची बहुतेक विमानं रात्री सुटतात आणि सरकारी कचेऱ्या संध्याकाळी बंद होतात. 2015 पासून आपलं मदद पोर्टल आहे, पण ते परदेशात अडचणीत सापडलेल्यांसाठी. आमची अडचण उंबरठ्यावरच होती. काही वेळा नियमाचा चुकीचा अर्थ लावूनही माणसं अडवली जातात. तेव्हा त्या देशाच्या वकिलातीला फोन लावणारा कुणी जाणता माणूस हवा.

चौथी विनंती भाषेची. कोणत्या विमानतळावर भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो, कोणत्या व्हिसावर सूट आहे, याची अद्ययावत यादी आपल्या खात्यानं तारखेसह एका जागी ठेवावी, आणि ती मराठी, कोंकणी, कन्नड, तमिळ, पंजाबी अशा सगळ्या भाषांत असावी. आज विमानात बसणारी आई इंग्रजी वाचतेच असं नाही. ती साताऱ्याची शेतकरीण असेल, मालवणची मासे विकणारी असेल. तिच्या मुलानं दिलेली पिशवी छातीशी धरून ती पहिल्यांदा देशाबाहेर निघालेली असते. तिला कुणी सांगायचं?

आणि जे आपण इतरांकडे मागतो, ते स्वतः आधी पाळावं. विमानतळाच्या आत राहून पुढचं विमान पकडणाऱ्या परदेशी प्रवाशाला आपण सर्वसाधारणपणे व्हिसा मागत नाही, हे चांगलंच आहे. पण डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. उद्या सहारला उतरून या नव्या विमानतळावरून पुढं जाणारा केनिया किंवा व्हिएतनामचा प्रवासी आपल्या रस्त्यावर येईल. त्याचं काय करायचं, ते आजच ठरवा. मुंबईला जगाचं जंक्शन करायचं असं आपण म्हणतो. जंक्शन नुसत्या धावपट्टीनं होत नाही.

आमचा नातू आता दोन वर्षांचा झाला. तिथं जन्मला म्हणून त्याच्याकडे मेक्सिकोचा पासपोर्ट आहे. येत्या दिवाळीत मुलगी त्याला घेऊन मिरजेला येणार आहे. लंडनमार्गे तिकीट स्वस्त मिळत होतं. मी तिला आधी नियम वाचायला सांगितले. लंडनला विमान बदलायला त्या बाळाला व्हिसा लागत नाही. त्याला कडेवर घेतलेल्या त्याच्या आईला लागतो, कारण तिचा पासपोर्ट आपला आहे. त्यांनी आता दुसरी वाट धरली आहे, लांबची आणि महाग.

माझ्या मुलीनं तो पासपोर्ट बदललेला नाही. बदलायचाही नाही, असं ती म्हणते. तिच्या त्या निळ्या पुस्तिकेच्या मागं आपण उभे आहात. अण्णा गार्डजवळ जाऊन उभे राहत, तेव्हा ज्यांच्यासाठी दहा मिनिटं मागत, ती माणसं त्यांच्या नात्यागोत्यातली नसत. पुढं निघालेली होती, एवढंच अण्णांना पुरे होतं. आमच्यासाठी तेवढं मागून घ्या.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
मिरज